दारू गावात, दवाखाना परमुलखात

महाराष्ट्रातल्या कोणत्याही आडवळणाच्या गावी सायंकाळच्या एस.टी.ने उतरून दारू कोठे मिळते असे विचारले, तर पारावर खेळणारे शाळकरी पोरदेखील बोट दाखवील. आणि ज्या जिल्ह्यांत सरकारी हुकमाने दारूबंदी आहे तेथेही, थोडा आवाज खाली आणून का होईना, उत्तर मिळेलच. परंतु त्याच गावात, सकाळचा पहिला घोट पोटात गेल्यावाचून ज्याच्या हातात कपबशी स्थिर राहत नाही अशा माणसाला ती सोडवण्यासाठी कोठे न्यावे, असा प्रश्न केला, तर सरपंच, ग्रामसेवक, गुरुजी आणि पुष्कळदा प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टरही क्षणभर विचारात पडतात, आणि मग 'पुण्याला काहीतरी आहे म्हणतात', 'नागपूरच्या मेंटलमध्ये नेऊन बघा', अशी परमुलखाची नावे पुढे येतात. विषाचे दुकान हाकेच्या अंतरावर आणि उतारा दोन जिल्हे ओलांडून, ही आपल्या ग्रामीण भागाची वहिवाट झाली आहे, आणि तिच्याविषयी आश्चर्य वाटण्याचेही आता बंद झाले आहे.

ही केवळ समजूत नव्हे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेली आणि केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ साली प्रसिद्ध केलेली देशव्यापी पाहणी सांगते, की १० ते ७५ या वयोगटातले सुमारे १६ कोटी भारतीय मद्य घेतात, त्यांपैकी सुमारे ५ कोटी ७० लाखांचे पिणे मदतीची गरज पडावी इतके हानिकारक आहे, आणि ज्यांचे शरीर दारूवर पुरते अवलंबून झाले आहे अशा ३८ जणांत एकालाच कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा उपचार मिळतो. इस्पितळात दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० जणांत एक. हे प्रमाण क्षयरोगाच्या किंवा मोतीबिंदूच्या बाबतीत निघाले असते, तर विधिमंडळात तहकुबीच्या सूचना आल्या असत्या. दारूच्या बाबतीत तसे होत नाही, कारण पिणाऱ्याने आपले दुखणे आपल्या हाताने ओढवून घेतले आहे अशी समाजाची, आणि बऱ्याच अंशी सरकारची, मनोमन खात्री असते.

सरकारच्या दफ्तरांतही या माणसाची जागा वेळोवेळी बदलत गेली आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला तेव्हा तो गुन्हेगार होता. पुढे निर्बंध सैल झाले आणि तो परवानाधारक झाला, म्हणजे डॉक्टरच्या दाखल्यावर 'प्रकृतीसाठी' दारू बाळगण्याची मुभा असलेला प्रतिष्ठित नागरिक. आणि अबकारीचा महसूल वाढू लागला तसा तो, कोणी उघड म्हणत नसले तरी, खजिन्याचा एक आधारस्तंभ झाला. रुग्ण म्हणून त्याची स्पष्ट नोंद व्हायला फार काळ लागला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मद्य व मादक द्रव्यांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत घातल्या, आणि त्यामुळे अशा माणसाला सरकारी खर्चाने चालणारा उपचार मागण्याचा हक्क निदान कागदोपत्री तरी प्राप्त झाला. कागदावरचा हक्क आणि गडचिरोलीतल्या भामरागडहून सुटणारी एस.टी. यांची गाठ कोठे पडते, एवढाच काय तो प्रश्न उरतो.

महाराष्ट्रात व्यसनमुक्ती म्हटले की मुक्तांगणचे नाव ओठांवर येते, आणि ते योग्यच आहे. १९८०च्या दशकात पुण्यात गर्दचा, म्हणजे ब्राउन शुगरचा, फैलाव झाला असता अनिल अवचटांनी त्यावर जे लिहिले ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, त्यांनी आर्थिक साहाय्य देऊ केले, आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचटांनी त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी हे केंद्र सुरू केले. तेथे साधारण पाच आठवडे राहावे लागते. औषधांचा भाग पहिल्या काही दिवसांत आटोपतो आणि उरलेला सारा काळ समुपदेशन, गटचर्चा, श्रम, योग आणि स्वतःच्या आयुष्याचा प्रामाणिक हिशेब यांत जातो. पत्नींसाठी वेगळे गट चालतात, आणि घरी परतलेल्यांनी ठरावीक वारी भेटत राहावे यासाठी निरनिराळ्या शहरांत पाठपुराव्याची केंद्रे आहेत. व्यसनी माणसाला न मारता, न कोंडता, न लाजवता बरे करता येते, हे मराठी समाजाला या संस्थेने पटवून दिले, आणि आजही अनेक छोटी केंद्रे तिच्याकडे पाहून आपला दिनक्रम आखतात.

तथापि पाच आठवडे ही मुदत पगारी नोकराला जितकी सोसते तितकी शेतमजुराला सोसत नाही. ज्याचे घर रोजच्या मजुरीवर चालते त्याने महिनाभर कामाला मुकायचे म्हणजे किराणा दुकानाची उधारी दुप्पट करायची. शिवाय सोबत जाणारे माणूस हवे, त्याचीही मजुरी बुडणार. पेरणी, निंदणी, कापणी, तेंदूपाने यांच्या हंगामात तर हा विषयच काढायचा नाही. आणि हंगाम संपून हातात रोख रक्कम येते ती नेमकी पिण्याच्या दृष्टीने सर्वांत धोक्याची वेळ. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडल्या भामरागडहून जिल्ह्याचे गाव दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर. तेथून नागपूर जवळजवळ तितकेच. आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटतो. इतका प्रवास एखाद्या थरथरणाऱ्या, ओकणाऱ्या, मध्येच उतरून पळू पाहणाऱ्या माणसाला घेऊन त्याच्या बायकोने करावा, अशी आपली सध्याची तजवीज आहे. समजा तिने तो केलाही, आणि माणूस सुधारून घरी आला, तरी परतल्यावर त्याला भेटणार ते तेच मित्र, तोच नाका आणि तोच बाजाराचा दिवस. ज्या समुपदेशकाने त्याला सावरले तो मात्र तीनशे किलोमीटरांवर. पहिल्या तीन महिन्यांत जे घसरतात त्यांना गाव 'पुण्याला जाऊनही सुधारला नाही' असे म्हणते, आणि पुढच्या माणसाला पाठवण्याची उमेदच मोडून टाकते. वास्तविक घसरणे हा या दुखण्याच्या स्वभावाचाच भाग आहे. मधुमेह्याची साखर वाढली म्हणून कोणी त्याच्या औषधाला नावे ठेवीत नाही.

येथे शरीराचा व्यवहार थोडा तपशिलाने सांगितला पाहिजे, कारण खेड्यात जीव जातात ते बहुधा त्याच्या अज्ञानामुळे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली, मग ती देवासमोर शपथ घेऊन असो की पैसे संपल्यामुळे असो, तर सहा ते चोवीस तासांत कंप, घाम, मळमळ आणि अनिद्रा सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत काहींना आकडी येते. आणि साधारणतः दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान थोड्या जणांना तो भयंकर भ्रम होतो, ज्यात माणसाला भिंतींवर किडे दिसतात, अंगणात मेलेले नातलग बोलावताना दिसतात, ताप चढतो, नाडी पळू लागते आणि उपचार न झाल्यास मृत्यूही ओढवतो. गाव यास 'बाहेरचे लागले' म्हणते आणि मांत्रिकाला बोलावते. वास्तविक त्यावरचे औषध जुने, स्वस्त आणि सरकारी भांडारातले आहे: डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड यांसारख्या शामक गोळ्या, भरपूर मात्रेने सुरू करून काही दिवसांत उतरवत नेलेल्या, आणि त्यांच्या जोडीला ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन. या थायमिनविषयी एक गोष्ट प्रत्येक खेडोपाडीच्या डॉक्टरने ध्यानात ठेवावी अशी आहे. उपाशी, दारूने पोखरलेल्या शरीरात आधी ग्लुकोजची बाटली चढवली तर उरलेसुरले थायमिनही संपते आणि मेंदूला अशी इजा होऊ शकते, की माणूस जगला तरी त्याची स्मृती परत येत नाही. म्हणून थायमिनचे इंजेक्शन आधी आणि ग्लुकोज मागाहून. 'अशक्तपणा आहे, सलाइन लावा' हा आपल्याकडचा सार्वत्रिक हट्ट या एका ठिकाणी जिवाशी खेळणारा ठरतो.

ज्याला पूर्वी कधी आकडी आली नाही, ज्याचे यकृत फार बिघडलेले नाही आणि ज्याच्या उशाशी बसणारे घरचे कोणी आहे, अशा माणसाचा हा पहिला आठवडा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या देखरेखीखाली त्याच्या घरीच पार पाडता येतो. बाकीच्यांसाठी ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयाची खाट पुरते. म्हणजे ज्या भागासाठी आपण माणसाला परमुलखात धाडतो, त्यातला वैद्यकीय अंश बव्हंशी तालुक्यातच होऊ शकतो, आणि जो अंश खरोखर दीर्घ आहे, तो तर मुळातच गावाबाहेर होण्यासारखा नाही.

दारू हा सगळ्या गावाचा प्रश्न आहे, ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वप्रथम शहरांना नव्हे, गडचिरोलीला कळली. चंद्रपूरपासून १९८२ साली वेगळ्या झालेल्या या अरण्यमय जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' ही संस्था काढली तेव्हा त्यांना गावोगावच्या स्त्रियांकडून ऐकू आलेले पहिले दुखणे नवऱ्याच्या दारूचे होते. त्यातून जी चळवळ उभी राहिली तिच्या रेट्याने १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी झाली. वर्ध्याला गांधीजींच्या स्मृतीस्तव ती आधीच झाली होती. चंद्रपुरात पारोमिता गोस्वामी आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढून २०१५ साली ती मिळवली, आणि २०२१ साली सरकारने ती उठवली. ती उठवताना चोरटी दारू आणि बुडालेला महसूल यांची पुष्कळ चर्चा झाली. पण बंदी असो वा नसो, ज्यांचे शरीर दारूवाचून चालेनासे झाले आहे त्यांचे काय, हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या युक्तिवादात फारसा डोकावला नाही. बंदीच्या दिवशी अशा माणसाचे काय होते ते २०२० च्या टाळेबंदीत केरळने अनुभवले. दुकाने एकाएकी बंद झाली, काहींनी आत्महत्या केल्या, आणि घाबरलेल्या राज्य सरकारने डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा हुकूम काढला, तो उच्च न्यायालयाने तहकूब केला. पुरवठा तोडणे आणि रुग्णाला सांभाळणे ही दोन कामे एकाच वेळी करावी लागतात, याचा याहून बोलका दाखला मिळणे कठीण.

गडचिरोलीत २०१६ पासून चालू असलेल्या 'मुक्तिपथ' या उपक्रमाची मला मोलाची वाटलेली बाब हीच आहे. सरकार, टाटा ट्रस्ट आणि सर्च यांच्या सहकार्याने चाललेल्या या कामात बंदीची अंमलबजावणी, गावसंघटना, जागृती आणि उपचार ही चारही अंगे एकत्र बांधली आहेत: गावातल्या स्त्रिया हातभट्टी आणि चोरटी विक्री बंद पाडतात, ग्रामसभा विक्रेत्यावर दंड बसवते, आणि त्याच सुमारास तालुक्याच्या गावी ठरल्या वारी व्यसनउपचाराचे क्लिनिक भरते, गावात एक दिवसाचे शिबिर होते. धानोरा रस्त्यावर चातगावजवळच्या शोधग्रामात अधिक गंभीर रुग्णांना ठेवून घेण्याची सोय आहे. तंबाखूही याच यादीत आहे, कारण त्या बाजूला दारूहून अधिक माणसे खर्ऱ्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाच्या, आहारी गेली आहेत आणि त्यात स्त्रिया व शाळकरी मुलेही आहेत. मोहाच्या दारूचा प्रश्न मात्र नाजूक आहे. माडिया-गोंडांच्या देवकार्यात आणि मर्तिकात तिला स्थान आहे, आणि बाहेरच्या सुशिक्षिताने तेथे जाऊन नीतीचे प्रवचन देणे उद्धटपणाचे होईल. परंतु विधीसाठी गाळलेली घोटभर दारू आणि विक्रीसाठी गाळलेले कॅन यांतला भेद त्या गावांना आपल्याहून चांगला कळतो, आणि १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांविषयी निर्णय करण्याचा अधिकार तेथील ग्रामसभेला दिलेलाही आहे.

आता कोणी म्हणेल, की सर्चसारखी संस्था आणि बंगांसारखी माणसे प्रत्येक जिल्ह्याला कोठून आणायची? या शंकेचे निरसन गोव्यात झाले आहे. 'संगाथ' या संस्थेतल्या डॉ. अभिजित नाडकर्णी, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत असा प्रयोग केला, की हानिकारक रीतीने पिणाऱ्या पुरुषांना मानसोपचारतज्ज्ञाने नव्हे, तर त्या कामासाठी शिकवून तयार केलेल्या सामान्य स्त्री-पुरुषांनी जास्तीत जास्त चार बैठकांत, केंद्रात किंवा घरी जाऊन, समुपदेशन करावे. ३७७ पुरुषांवरच्या या अभ्यासाचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये २०१७ साली आले. तीन महिन्यांनंतर मागील पंधरवड्यात थेंबही न घेतलेल्यांचे प्रमाण समुपदेशन मिळालेल्यांत ४२ टक्के, तर केवळ नेहमीचा उपचार मिळालेल्यांत १८ टक्के निघाले. आणि वर्षभरानंतरही हा लाभ टिकून राहिल्याचे आढळले. अर्थात ज्यांनी पिणे चालूच ठेवले त्यांच्या पिण्याचे प्रमाण त्यामुळे घटले नाही, आणि अभ्यासात घेतलेले लोक पूर्ण आहारी गेलेले नव्हते, तर त्या वाटेवर बरेच पुढे आलेले होते. पण नेमक्या याच माणसांना हात देणारे आपल्याकडे कोणी नसते. त्यांची गणना अजून बेवड्यांत होत नाही, आणि होऊ लागेल तेव्हा चार बैठकांनी भागणार नसते. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. ती विचारून कोण कोणत्या पायरीवर आहे हे आशा कार्यकर्तीलाही दहा मिनिटांत ठरवता येते.

तमिळनाडूतले उदाहरण निराळ्या तऱ्हेचे आहे. चेन्नईत १९८० साली शांती रंगनाथन यांनी स्थापलेल्या टी.टी.के. रुग्णालयाने कावेरीच्या खोऱ्यातल्या मंजक्कुडी या खेड्यात १९८९ पासून सुमारे पंधरवड्याची निवासी शिबिरे भरवायला सुरुवात केली. जागा गावाने द्यायची, जेवणाची व्यवस्था गावाने पाहायची, आणि डॉक्टर व समुपदेशक शहरातून यायचे. पंधरा दिवस ज्याने त्या पिणाऱ्यांना पंगतीत वाढले तो गावकरी पुढे वर्षभर त्यांना रस्त्यात अडवून विचारपूस करतो, आणि हा पाठपुरावा कोणत्याही खात्याला पगार देऊन विकत घेता येणार नाही. आपल्याकडे पिके निघाल्यानंतर आणि तेंदूच्या हंगामापूर्वी जो मोकळा काळ असतो तो अशा शिबिरांस फार सोयीचा आहे.

खेड्यांपाशी त्यांचे स्वतःचे उपायही आहेत, आणि ते हसण्यावारी नेण्याजोगे मुळीच नाहीत. तुळशीची माळ गळ्यात घातलेला माणूस दारूला शिवत नाही हा संकेत पश्चिम महाराष्ट्रात इतका दृढ आहे, की माळकऱ्याला आग्रह करण्यास जुना सोबतीही धजत नाही. आणि आग्रह न होणे ही पहिल्या वर्षातली केवढी मोठी सवलत असते हे सोडणाऱ्यालाच ठाऊक. विदर्भात तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळांनी हेच काम सामुदायिक प्रार्थनेच्या द्वारे केले. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मराठी सभा आता तालुक्यांच्या गावांतही भरतात. तेथे फी नाही, नोंदवही नाही, आडनाव विचारीत नाहीत. मात्र माळ असो की सभा, त्यांचे काम पहिला आठवडा सुखरूप पार पडल्यानंतरचे आहे. कंप सुटलेल्या माणसाला आधी डॉक्टर हवा, हे कीर्तनकारांनीच फडावरून सांगितले तर ते आमच्या लेखांपेक्षा लवकर पोहोचेल.

जेथे रीतसर उपचार नाही तेथे भोंदूंचा धंदा चालणारच. 'पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती एस.टी. स्टँडच्या भिंतींवर दिसतात, आणि हताश झालेल्या स्त्रिया ती पूड भाजीत कालवतात. त्या पुडीत पुष्कळदा काहीच नसते. आणि डायसल्फिरामसारखे औषध असेल तर फारच अनर्थ, कारण ते पोटात असताना दारू घेतली की रक्तदाब कोसळतो, छाती धडधडते, आणि दुबळ्या हृदयाचा माणूस दगावूही शकतो. हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. दुसरा प्रकार म्हणजे महामार्गालगतच्या बंगल्यांत निघालेली 'केंद्रे', जेथून रात्री जीप येते, माणसाला उचलून नेते, आणि आत मारहाण, कोंडणे, प्रसंगी साखळदंड असा कार्यक्रम असतो. रुग्णास साखळीने बांधणे २०१७ च्या कायद्याने निषिद्ध आहे, आणि अशा प्रत्येक केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी हवी. पैसे भरण्यापूर्वी नोंदणीचा कागद, येणाऱ्या डॉक्टरचे नाव आणि वार, आणि कुटुंबाला भेटू देतात की नाही, या तीन गोष्टी विचाराव्यात. टाळाटाळ झाली तर माणूस परत घरी न्यावा, हे बरे.

तूर्त ज्यांच्या घरात हा प्रश्न आहे त्यांच्यासाठी: केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीविषयक निःशुल्क दूरध्वनी १४४४६, आणि मानसिक आरोग्यासाठी अहोरात्र चालणारी टेलिमानस सेवा १४४१६, येथे मराठीतून बोलता येते. आकडी आली, भ्रम झाला किंवा तापात असंबद्ध बोलणे सुरू झाले तर वाट न पाहता १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी आणि माणूस रोज पिणारा आहे हे डॉक्टरला लाज न बाळगता सांगावे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची बाह्यरुग्ण सेवा कोणत्या वारी असते याची चौकशी आधीच करून ठेवावी.

आणि हे वाचणाऱ्या ग्रामस्थांना एक विनंती आहे. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत रस्ता, नळ आणि घरकुल यांच्या ठरावांसोबत आणखी एक ठराव मांडावा: आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक वार व्यसनउपचारासाठी मुक्रर करावा, थायमिन व शामक गोळ्यांचा साठा तेथे ठेवावा, आणि एका आशा कार्यकर्तीला समुपदेशनाचे शिक्षण द्यावे. ठरावाची नक्कल जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे रवाना करून पोच घ्यावी, आणि पोच मिळाली तरी मे महिन्याच्या सभेत पुन्हा विचारणा करावी.